अक्षराचे वळण, माणसाचे वळण

चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१३ च्या आरंभी शालेय सुलेखन-शिक्षणाची एक रूपरेषा जाहीर केली आणि तिच्यानुसार तिसरी ते सहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास कुंचल्याने लिहायला शिकवायचे ठरले. निर्णय साधा आहे आणि मला तो योग्यही वाटतो; पण त्याच्या समर्थनार्थ जी कारणे सांगितली जातात, त्यांतले एकही मला पटत नाही. कुंचल्यामुळे मुले अक्षरे विसरणार नाहीत, कुंचल्यामुळे त्यांचे चारित्र्य घडेल आणि कुंचल्यामुळे त्यांना आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटेल, अशी ही तीन कारणे आहेत. विषय ज्या हेतूने शिकवला जातो, त्याच हेतूच्या मापाने तो पुढे मोजलाही जातो. सुलेखन असे मोजायला घेतले की त्याचे काय होते, याचा चीनला स्वतःच्याच इतिहासात पुरता अनुभव येऊन गेला आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. ज्याला आपण सुलेखन म्हणतो त्याला चिनी भाषेत 'शूफा' म्हणतात. त्याचा अर्थ लिहिण्याची रीत, लेखनाचा नियम, एवढाच. आपल्या शब्दातला 'सु' त्यात कोठेही नाही. हा फरक किरकोळ नव्हे. मिंग राजवट कोसळल्यावर मांचूंची चाकरी नाकारणारा फू शान (१६०७–१६८४) हा सतराव्या शतकातला मोठा अक्षरकार. हातचलाखीपेक्षा ओबडधोबडपणा पत्करावा आणि लाडिकपणापेक्षा कुरूपता पत्करावी, असे त्याने बजावून ठेवले आहे. तेव्हा 'सुंदर हस्ताक्षर' हे या कलेचे ध्येय आहे, असे समजून चर्चेला सुरुवात केली तर ती पहिल्याच पावलावर घसरते. मराठीत दुसरा शब्द रूढ नसल्यामुळे मी पुढेही सुलेखनच म्हणणार आहे.

पहिले कारण विस्मरणाचे. लेखणी उचलली की अक्षर आठवत नाही, अशा अर्थाचा चार अक्षरांचा एक वाक्प्रचारच आता चिनी भाषेत रुळला आहे. तक्रार खरी आहे. १९५८ मध्ये स्वीकारलेल्या 'पिनयिन' या रोमन लिप्यंतराच्या आधारे आज बहुतेक लोक संगणकावर आणि मोबाइलवर लिहितात. उच्चार टंकायचा, त्या उच्चाराची अक्षरे पडद्यावर रांगेने उभी राहतात, त्यांतले हवे ते निवडायचे. या व्यवहारात अक्षर ओळखता आले की काम भागते; ते मनातून कागदावर उतरवण्याची वेळच येत नाही. २०१३ मध्येच चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने शाळकरी मुलांची अक्षरे लिहिण्याची स्पर्धा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मुलांबरोबर लिहून पाहणाऱ्या मोठ्या माणसांची भंबेरी उडाली. भेकाचे साधे नावही अनेकांना लिहिता येईना. देवनागरीत लिहिणाऱ्याला हे संकट समजायला जरा जड जाते. आपले ऱ्हस्व-दीर्घ अडते, जोडाक्षर चुकते, पण उच्चार कानाशी असताना अख्खा शब्दच हातातून निसटला, असे सहसा होत नाही.

तरीही या दुखण्यावर आठवड्याचा एक कुंचल्याचा तास हे औषध नव्हे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रमाण अक्षरसूचीत ८,१०५ अक्षरे आहेत आणि त्यांतली ३,५०० नित्य वापरातली मानलेली आहेत. कुंचल्याच्या तासात नवशिके मूल हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच अक्षरे बसवू शकते, आणि तीही त्याला आधीपासून येत असलेली. तीन-साडेतीन हजार अक्षरे हातात टिकवायची तर रोजचा निबंध, रोजचे टिपण पेनने वा पेन्सिलीने लिहावे लागेल. ते भाषेच्या तासाचे काम आहे. ते कुंचल्यावर ढकलणे म्हणजे सायकलची हवा गेली म्हणून घोड्यावर बसायला शिकवणे.

दुसरे कारण अधिक जुने आणि अधिक लाडके आहे. नवव्या शतकात तांग घराण्याच्या मूझोंग सम्राटाने ल्यू गोंगच्युआन या दरबारी अक्षरकाराला विचारले की, कुंचला उत्तम कसा चालवावा. कुंचला मनाने चालतो, मन सरळ असले की कुंचला सरळ राहतो, असे ल्यूने उत्तर दिले. ते ऐकून सम्राटाच्या चेहऱ्याचा रंग पालटला, कारण हा धडा अक्षराचा नसून राज्यकारभाराचा आहे हे त्याने ओळखले, असे जुने इतिहासकार सांगतात. म्हणजे मूळ प्रसंगात हे वाक्य एका हयगय करणाऱ्या सत्ताधीशाला लगावलेला टोला होता. आज ते वर्गाच्या भिंतीवर लावून नऊ वर्षांच्या मुलांना ताठ बसवण्यासाठी वापरले जाते. आपल्यालाही ही कल्पना परकी नाही. अक्षराला वळण असते आणि मुलांनाही वळण लावायचे असते. दोहोंसाठी एकच शब्द वापरून मराठीने हा सिद्धान्त जणू गृहीतच धरला आहे.

इतिहास मात्र त्याला साथ देत नाही. सोंग घराण्याच्या ह्वेझोंग सम्राटाने 'सडपातळ सोने' या नावाने ओळखले जाणारे, तारेसारखे ताठ आणि टोकाशी धारदार असे वळण स्वतः घडवले. इतके शिस्तीचे अक्षर लिहिणाऱ्या या राजाच्या हातून उत्तर चीन गेला. ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या फौजांनी त्याला कैद करून नेले आणि तो कैदेतच मेला. त्याचा मंत्री त्साय जिंग हाही अव्वल अक्षरकार होता, आणि चिनी इतिहासात त्याची गणना नीच मंत्र्यांत होते. सोंग काळातील चार श्रेष्ठ अक्षरकारांच्या यादीत 'त्साय' हे आडनाव येते. तो मान मुळात याच मंत्र्याचा होता आणि पुढे त्याच्या दुष्कीर्तीमुळे त्याच आडनावाच्या सज्जन त्साय श्यांगला देण्यात आला, असे एक जुने मत आहे. ते खरे असेल तर त्यातून अक्षराने माणूस सुधारतो हे सिद्ध होत नाही. माणूस बदनाम झाला की लोक त्याचे अक्षर भिंतीवरून उतरवतात, एवढेच सिद्ध होते. अगदी अलीकडेही असे घडले. ज्यांगशी प्रांताचा उपराज्यपाल हू चांगचिंग याच्या हस्ताक्षरातल्या पाट्या नानचांग शहरात जागोजागी झळकत होत्या. २००० मध्ये लाचखोरीबद्दल त्याला देहदंड झाला आणि त्या पाट्या उतरल्या. अधिकाऱ्याकडून अक्षर लिहून घेऊन त्याच्या मोबदल्याआड पैसे पोचवणे सोयीचे असते. चिनी भाषेत अशा व्यवहाराला 'सुसंस्कृत लाच' अशा अर्थाचा शब्दच आहे. मन सरळ तर कुंचला सरळ, हे खरे असते तर या शब्दाची गरज पडली नसती.

तिसऱ्या कारणावर, म्हणजे राष्ट्राभिमानावर, फार वेळ घालवण्याची गरज नाही. युनेस्कोने २००९ मध्ये चिनी सुलेखनाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही कला शतकानुशतके जपान, कोरिया आणि व्हिएतनाम यांच्याही मालकीची होती, आणि जपानी शाळांत तर आजही तिसरीपासून मुलांच्या हाती कुंचला दिला जातो. २०१९ मध्ये तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाने यान झेनचिंग या तांगकालीन अक्षरकाराचा एक कागद तोक्योला प्रदर्शनासाठी उसना दिला, तेव्हा चीनमधील समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. आणि त्याच वेळी चीनमधून गेलेले प्रेक्षक तो पाहायला तोक्योत तासन्‌तास रांगेत उभे होते. या दोन जमावांपैकी कुंचला शाळेत का असावा हे रांगेतल्या लोकांना ठाऊक होते, असे मला वाटते.

तो कागद काय आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ७५५ मध्ये आन लूशानने तांग सत्तेविरुद्ध बंड केले. त्या बंडात यान झेनचिंगचा चुलतभाऊ आणि त्याचा तरुण मुलगा जीमिंग मारले गेले. ७५८ मध्ये जीमिंगचे नुसते शिर घरच्यांच्या हाती आले, तेव्हा यानने पुतण्याच्या श्राद्धात वाचण्यासाठी शोकलेख लिहायला घेतला. तैपेईत आहे तो या लेखाचा मसुदा, जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे अक्षरांचा. त्यात खाडाखोड आहे, ओळींच्या बाजूला घुसवलेले शब्द आहेत. सुरुवातीला ओळी बऱ्याच संथ आहेत. मुलगा गेला तिथपर्यंत मजकूर येतो आणि कुंचला धावू लागतो, शाई संपत आली तरी तो दौतीकडे वळत नाही, अक्षरांचे अंग कोरडे पडून त्यातून कागद दिसू लागतो, मग एकदम काळीभोर शाई येते, पुन्हा आटते. शेवटाकडे अक्षरे एकमेकांवर रेलतात. नीटनेटक्या अक्षराला गुण देणारा कोणताही शिक्षक या कागदाला नापास करील. आणि चौथ्या शतकातला अक्षरकार वांग शीझी याच्या 'लानतिंग' प्रस्तावनेच्या पाठोपाठ हाच कागद चालत्या, म्हणजे भरभर लिहिण्याच्या, वळणातली जगातली दुसऱ्या क्रमांकाची कृती मानला जातो.

हे सगळे मराठी वाचकालाही, चिनी भाषेचा गंध नसताना, त्या कागदाच्या छायाचित्रावरून पाहता येते. ते का पाहता येते, यातच कुंचल्याच्या तासाचे खरे समर्थन आहे. चिनी अक्षरातील प्रत्येक फटकाऱ्याचा क्रम ठरलेला असतो. आडवा आधी की उभा, डावा आधी की उजवा, याचे नियम लहानपणीच पाठ होतात. कुंचल्याचे केस मऊ आणि टोक अणकुचीदार, त्यामुळे हाताचा दाब, वेग आणि दिशा यांची नोंद रेघेच्या जाडी-बारकीत उमटते. आनह्वे प्रांतात चिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनणारा श्वान कागद शाई तत्क्षणी पिऊन टाकतो. कुंचला घुटमळला तर तेथे डाग पसरतो, आणि गेलेल्या रेघेवर पुन्हा हात फिरवला तर ती दुरुस्ती लपत नाही. क्रम ठरलेला, नोंद बारीक आणि दुरुस्ती अशक्य, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कागदावर उरलेले अक्षर हे चित्र राहत नाही, ती एका कृतीची ध्वनिमुद्रिका होते. जाणकार माणूस ती डोळ्यांनी पुन्हा वाजवू शकतो: येथे हात थांबला, येथे उचलला, येथे श्वास सुटला. पण हे वाजवणे त्यालाच येते ज्याने स्वतः कधीतरी कुंचला उभा धरून, मनगट अधांतरी ठेवून, चार रेघा ओढून पाहिल्या आहेत. ज्याने कधी षड्‍ज लावून पाहिलेला नाही त्यालाही गाणे आवडते, यात शंका नाही. पण गवयाने कोठे काय केले हे त्याला कळत नाही.

तेव्हा शाळेतल्या कुंचल्याचा हेतू लिहिणारे घडवणे हा नसून वाचणारे घडवणे हा असावा, असे माझे म्हणणे आहे. चीनमध्ये शिलालेख, देवळांच्या पाट्या, नववर्षाच्या लाल पट्ट्या, थडगी, वृत्तपत्रांची शीर्षके अशी हस्ताक्षरे चोहीकडे आहेत, आणि ती वाचणारा हात नव्या पिढीजवळ नसेल तर ती सगळी मुकी होतील. छापील अक्षर वाचता येण्याने ही वाचा परत येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. सुलेखन शिकणे म्हणजे वर्षानुवर्षे दुसऱ्याचे अक्षर गिरवणे. मुले आधीच घोकंपट्टीने वाकलेली असताना त्यांच्या माथी आणखी एक कित्ता कशाला? 'कित्ता गिरवणे' हा आपला शब्दप्रयोग तर अंधानुकरणासाठीही वापरला जातो. आणि परंपरा स्वतःच या आक्षेपाला खतपाणी घालते. वांग शीझीच्या वंशातला झीयोंग हा भिक्षू तीस वर्षे माडीवर बसून हजार अक्षरांचा एकच पाठ लिहीत राहिला, त्याच्या आठशे प्रती त्याने देवळांना वाटल्या आणि झिजलेल्या कुंचल्यांना त्याने मूठमाती दिली, ही कथा मुलांना आदर्श म्हणून सांगितली जाते. मुलांना ती भीतीदायक वाटत असणार.

पण गिरवण्याचे दोन प्रकार आहेत आणि परंपरेने त्यांत नेहमीच फरक केला आहे. एकात पातळ कागद अक्षरावर ठेवून ते जसेच्या तसे उचलायचे. दुसऱ्यात कित्ता समोर ठेवायचा, पाहायचा, आणि मग आपल्या कागदावर आपल्या हाताने लिहायचा. पहिल्यात हात शिकतो, दुसऱ्यात डोळा. ३५३ मध्ये शाओशिंगजवळच्या लानतिंगला, ओढ्यातून मद्याचे पेले सोडत जमलेल्या मित्रांच्या कवितांना वांग शीझीने जी प्रस्तावना लिहिली, तिची मूळ प्रत आज नाही. तांग सम्राट ताइझोंगने ती आपल्याबरोबर थडग्यात नेली, अशी आख्यायिका आहे. जगाला ती माहीत आहे ती नकलांमधून, आणि प्रत्येक नक्कल थोडी निराळी आहे. त्या ३२४ अक्षरांत 'झी' हे एक अगदी साधे अक्षर वीसेक वेळा येते आणि कोणतेही दोन 'झी' सारखे नाहीत. हा कित्ता समोर ठेवणाऱ्या मुलाला यांतला कोणता 'झी' बरोबर, असे विचारता येत नाही. कोणता कोठे का बसला, एवढेच विचारता येते. चांगला शिक्षक असेल तर पूर्ण तास या वीस 'झीं'वर जावा. असा तास घोकंपट्टीच्या नेमका उलट टोकाला आहे.

धोका आहे तो दुसरीकडेच, आणि तो परीक्षेचा आहे. मांचूंच्या चिंग राजवटीत सरकारी अधिकारी निवडणाऱ्या शाही परीक्षांच्या खालच्या टप्प्यांवर उमेदवाराची ओळख पटू नये म्हणून उत्तरपत्रिका कारकुनांकडून लाल शाईत पुन्हा उतरवून घेत. परीक्षकासमोर मूळ हस्ताक्षर जातच नसे. सर्वांत वरच्या, राजवाड्यातल्या परीक्षेत मात्र नाव झाकलेली मूळ पत्रिकाच परीक्षकांपुढे जाई. वेळ थोडा, पत्रिका अनेक आणि बहुतेक निबंध सारखेच, तेव्हा निकाल अक्षरावर झुकू लागला. अक्षरावर निकाल लागतो हे कळताच देशभरच्या बुद्धिमान तरुणांनी आपले हात एकाच साच्यात घातले: काळेभोर, चौकोनी, गुळगुळीत आणि एका मापाचे अक्षर. त्याला कचेरीचे, दरबारी वळण म्हणत. त्यात एकही चूक नसते आणि एकही माणूस नसतो. यान झेनचिंगच्या नावाने शपथ घेणाऱ्या संस्कृतीने आपल्या सर्वोत्तम डोक्यांना दोन-अडीचशे वर्षे हे लिहायला लावले.

गोंग झीझेन (१७९२–१८४१) हा त्या काळातला एक अत्यंत तल्लख विचारवंत आणि कवी. १८२९ मध्ये तो राजवाड्यातल्या परीक्षेत उतरला, उत्तीर्णही झाला, पण अक्षर दरबारी वळणाचे नसल्यामुळे त्याला हानलिन या दरबारी विद्वानांच्या प्रबोधिनीत प्रवेश मिळाला नाही आणि तो आयुष्यभर बारीकसारीक हुद्द्यांवर राहिला. चिडून त्याने पगार मिळवून देणाऱ्या अक्षरावर एक औपरोधिक पुस्तिका लिहिली. पुढे त्याने घरातल्या लेकीसुनांना आणि दासींना हेच दरबारी वळण गिरवायला लावले, आणि कोणी हानलिनच्या विद्वानाची थोरवी सांगू लागला की, आमच्या घरच्या बायकाही हानलिनमध्ये शोभतील, असे तो म्हणे, असे सांगतात. बायकांविषयीचा त्याचा सूर आज खटकेल, पण नेम अचूक आहे.

ही परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली. सवय बंद झाली नाही. आजच्या चीनमध्ये हपै प्रांतातील हेंगश्वे शहराच्या नावाने ओळखले जाणारे एक वळण सर्वत्र पसरले आहे, आणि ते चिनी अक्षरांचेही नव्हे, इंग्रजी अक्षरांचे आहे. मुले महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध लिहितात ते छापखान्यातून निघाल्यासारख्या गोल, सुट्या, समान उंचीच्या अक्षरांत, कारण झरझर शेकडो पत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्याला ते बरे वाटते. त्यासाठी कित्त्याच्या वह्या विकल्या जातात. दरबारी वळणाचा हा पुनर्जन्म लिपी बदलूनही ओळखू येतो.

म्हणूनच २०१३ च्या रूपरेषेतले मला सर्वांत शहाणपणाचे वाटणारे कलम म्हणजे सुलेखनाची स्वतंत्र परीक्षा घेऊ नये, हे आहे. हेच कलम सर्वांत जास्त दबावाखाली असते, हे सांगायला नको. जे परीक्षेत नाही ते शाळेत नाही, हा हिशेब पालकांचा आहे, मुख्याध्यापकांचा आहे, आणि सुलेखनावर खरे प्रेम करणाऱ्यांचाही आहे. विषय टिकावा म्हणून त्याला गुण द्या, अशी मागणी प्रेमापोटीच येते. शाळेबाहेर खासगी श्रेणी-परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. २०२१ मध्ये शालेय विषयांच्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आले, कलेच्या वर्गांना मात्र वेगळे नियम लागू झाले, तेव्हा पालकांची धाव कोणीकडे होणार हे उघड होते. गुण दिले की शिक्षकाला मोजता येईल असे काहीतरी शोधावेच लागते, आणि अक्षरात मोजता येण्यासारखे काय असते? चौकटीच्या मध्यभागी बसणे, रेघा सरळ असणे, डाग नसणे. म्हणजे काळेभोर, चौकोनी, गुळगुळीत आणि एका मापाचे. वीस वेगवेगळ्या 'झीं'ना गुण कसे देणार?

गुण नसतील तर मुले आणि शाळा दोघेही हा तास उडवतील, कुंचल्याचा तास गणिताचा होईल, ही भीती अनाठायी नाही. अनेक शाळांत तसे होतही असेल. ज्या गावच्या शाळेत कुंचला धरायला शिकवील असा शिक्षकच नाही, तेथे तर हा तास कागदावरच राहतो. तरीही उडालेला तास पुन्हा भरता येतो. परीक्षेने वळवलेला हात मात्र मोकळा करायला पिढ्या लागतात, आणि गोंग झीझेनला तर त्या मिळाल्याही नाहीत. या दोन तोट्यांत मी पहिला पत्करीन.

खर्चाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. श्वान कागद महाग आहे आणि शाईने वर्गाची दैना होते, म्हणून बऱ्याच ठिकाणी मुलांना आता एक करड्या रंगाचे कापड देतात. कुंचला साध्या पाण्यात बुडवून त्यावर लिहायचे. ओल्या रेघा काळ्या दिसतात आणि काही मिनिटांत वाळून कापड पुन्हा कोरे होते. शाई पसरण्याची शिस्त त्यावर शिकता येत नाही, पण दाब, दिशा आणि क्रम शिकता येतो. बीजिंगच्या बागांमध्ये सकाळी निवृत्त माणसे हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर करताना दिसतात: काठीला बांधलेला स्पंजाचा कुंचला, बादलीभर पाणी आणि पायाखालची फरशी. बघे भोवती उभे राहतात, एखादा म्हातारा शेजारच्याच्या रेघेत खोट काढतो, शेजारचा तीच रेघ पुन्हा ओढून दाखवतो, तोवर पहिली ओळ उन्हाने वाळलेली असते. शाळेने हे कापड निवडले ते काटकसरीसाठी, पण त्याचा एक गुण तिच्या कदाचित लक्षात आलेला नाही. तास संपून वह्या गोळा करायची वेळ येते, तेव्हा त्यावर तपासायला काहीच उरलेले नसते.